भज्याच्या तेलावर नवरी

“सांग तुझ्या भावाला, आज परत पन्नास पैसे वाढले म्हणावं!”

हे आमचे दाजी. फोन आक्काच्या हातात, दाजी तिच्या शेजारी उभे, आणि आवाज असा की शाळेच्या मैदानावर शेवटच्या ओळीतल्या पोरानंही दचकून पाय जुळवावेत. मी इकडं साताऱ्यात, दुकानाच्या गल्ल्यावर, कानाला फोन लावून सगळं ऐकतोय. तरी आक्का मला पहिल्यापासून सांगणार.

“दिनू, हे म्हणतायत, आज परत पन्नास पैसे वाढले.”

“ऐकलं. त्यांना सांग, पेट्रोलपण वाढलंय.”

“अहो, तो म्हणतोय, पेट्रोलपण...”

“त्याला म्हणावं, पेट्रोल आपण घेतलंच नाही! डिझेल घेतलंय! कुणाच्या सांगण्यावरनं ते विचार!”

हा आमचा दर महिन्याचा कार्यक्रम. त्या काळात डिझेल महिन्याला थोडं थोडं वाढायचं, आणि ते वाढलं की माझा फोन वाजायचा. एरवी दाजी माझ्याशी एक शब्द बोलत नव्हते आणि मी त्यांच्याशी. दोन वर्षं अबोला. भाऊबंदकी नाही, बांधाचं भांडण नाही. डिझेलवरनं अबोला.

झालं असं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यशवंतराव फडतरे, सोनवडीच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. माणूस शिस्तीचा. पानात मीठ डावीकडं नसेल तर ताट सरकवणारा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चारचाकी घ्यायची ठरवली आणि मला विचारलं, “दिनकर, पेट्रोल घ्यावी की डिझेल?”

आता माझं दुकान शेतीपंपांचं. सगळा जन्म डिझेल इंजिनं विकण्यात गेला. मला हे विचारणं म्हणजे हलवायाला गोड आवडतं का विचारण्यासारखं. मी छाती ठोकून म्हणालो, “दाजी, डोळे झाकून डिझेल. सरकार डिझेलला हात लावूच शकत नाही. ट्रकवाले आहेत, एसटी आहे, शेतकरी आहे. पाहिजे तर लिहून घ्या.”

मास्तर माणूस. खरंच लिहून घेतलं.

आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच पांढऱ्या रंगाच्या, एकाच जातीच्या दोन जुन्या डिझेल गाड्या घेतल्या. पेढे वाटले. आणि लगेच डिझेल वाढायला लागलं. भाऊबिजेला मी सोनवडीला गेलो तेव्हा दाजी चारचौघांत म्हणाले, “पंप विकणाऱ्याचं ऐकलं आणि मी पाण्यात गेलो.” मी पण काही कमी नाही. मी म्हणालो, “गाडी चालवायला अक्कल लागते. सगळा रस्ता सेकंड गिअरमध्ये ओरबाडत आणल्यावर कुठलंही इंजिन पिणारच.” झालं. दाजी उठून आत गेले. मी आक्काच्या ताटात ओवाळणी टाकली आणि फराळाला हात न लावता निघालो. बेसनाचे लाडू होते, अजून आठवतात.

त्यानंतर मला एकच ध्यास लागला. डिझेल गाडी घेतली ती बरोबरच होती, हे दाजींच्या तोंडून वदवून घ्यायचं. आणि एक दिवस एसटी स्टँडसमोर रंगाच्या गाड्यावर कांदाभजी खाताना मला उपाय दिसला. रंगा कढईतलं काळं झालेलं तेल डब्यात ओतत होता.

“या तेलाचं काय करतोस रे?”

“गटारात वततो. काय करू, डोक्याला लावू?”

जुनी डिझेल इंजिनं काहीही पचवतात, हे मला धंद्यामुळं माहीत होतं. मी ते तेल घरी आणलं, चार दिवस निवत ठेवलं, फडक्यातनं गाळलं आणि गाडीच्या टाकीत ओतलं. बॉनेटखाली एक छोटा डबा बसवला, त्यात थोडं खरं डिझेल. गाडी चालू करायची डिझेलवर, इंजिन तापलं की कॉक फिरवायचा, की गाडी निघाली तेलावर! पहिल्या दिवशी मी राजवाड्यापर्यंत जाऊन आलो आणि आनंदानं नुसता नाचायचा बाकी राहिलो.

एकच अडचण, वास. गाडी जिथनं जाईल तिथं कांदाभज्यांचा घमघमाट. सिग्नलला उभा राहिलो की मोटरसायकलवाले इकडंतिकडं गाडा शोधायचे. गल्लीतली कुत्री मागनं यायला लागली. आमची मालन म्हणाली, “मी असल्या गाडीत बसून हळदीकुंकवाला जायची नाही. बायका विचारतात, वैनी, तळण काढलं होतं का?” पण गाळायला जुनं सुती कापड तिनंच आक्काकडनं मागवून आणलं. आक्काकडं आमच्या आईचं जुनं इरकल लुगडं होतं, हिरव्या काठाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, ते तिनं अर्धं फाडून पाठवलं. मला जरा वाईट वाटलं. पण आईला पण काही वाया गेलेलं चालायचं नाही, म्हणून मी तिच्याच लुगड्यातनं तेल गाळायला लागलो.

मग मी फोन लावला. “आक्का, दाजींना सांग, वाढू दे म्हणावं डिझेल किती वाढायचं ते. माझी गाडी आता भज्याच्या तेलावर पळते.”

मग लांबनं आवाज आला, “त्याला म्हणावं, गाडी म्हणजे कढई नव्हे!”

पुढं दिवाळीनंतर एका सोमवारी रंगाकडं गेलो, तर डबा निम्माच.

“अरे, बाकीचं कुठाय?”

“दुसरं गिऱ्हाईक लागलंय आण्णा. गुरवारी येत्यात. नाव सांगत न्हाईत. हेल्मेट काढत न्हाईत, आत मफलर. लई कडक मानूस. परवा मला म्हनलं, हात दाखव. म्हनलं, कशाला? तर माझी नखं बघितली! म्हनलं, आधी नखं काप, मग मला तेल दे.”

“नखं?”

“नखं! माझ्या आयनं कधी बघितली न्हाईत.”

मी म्हणालो, कुणीतरी खाण्यापिण्याच्या खात्यातला साहेब असणार, जरा जपून रहा. बिचारा रंगा, त्यानं दुसऱ्या दिवसापासून नखं कापायला सुरुवात केली.

त्याच महिन्यात रेवा दुकानात आली. रेवती, आक्काची एकुलती एक लेक. लहानपणी माझ्या स्कूटरवर पुढं उभी राहून हॉर्न वाजवत फिरलेली पोर. तेव्हापासनं मी तिला म्हणायचो, “तुला मांडवात नेणार ती माझ्या गाडीतनं. तुझ्या बापाच्या नाही, माझ्या.” ती लग्नाची पत्रिका घेऊन आली होती. मी पत्रिका डोक्याला लावली आणि विचारलं, “बोल, आहेर काय पाहिजे?”

“बाबांशी बोल.”

“ते सोडून काहीपण माग.”

“मामा, मला दुसरं काही नको. तू मांडवात माझ्यामागं उभा राहणार, बाबा शेजारी उभे राहणार, आणि मध्ये आई निरोप पोचवणार. मंगलाष्टकं चालू असताना. मला डोळ्यांसमोर दिसतंय ते.”

“मग त्यांना सांग की. डिझेल घेतली ते बरोबर होतं, एवढं एक वाक्य म्हणू दे. मी पाया पडतो त्यांच्या.”

“ते म्हणतात, दिनकरनं चुकलो म्हणावं, मी मिठी मारतो त्याला.”

“मग राहू दे मिठी.”

पोरीचे डोळे भरले. “दोघंपण सारखेच आहात,” म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. पायरीवरनं वळून म्हणाली, “गाडी मात्र तुझीच. मी सगळ्यांना सांगितलंय. पण वेळेत पोचव. सकाळचा मुहूर्त आहे, आणि तो चुकला तर बाबा काय करतील ते मला माहीत नाही. त्यांनी प्रार्थनेला उशिरा आलेल्या गुरुजींनापण बाहेर उभं केलंय.”

त्यावर दाजींचा निरोप आला तो असा, “सांग तुझ्या भावाला, नेऊ दे नवरीला. पण ती वेळेत नाही पोचली, तर परत या उंबऱ्यात पाऊल ठेवायचं नाही म्हणावं. त्यानंही आणि त्याच्या कढईनंही.” हे सांगताना पहिल्यांदा आक्काचा आवाज हलला. मला बहिणीचं घर तेवढं एकच. आई गेल्यावर माहेर म्हणून तिला मी आणि मला ती. मी म्हणालो, “सांग त्यांना, त्यांच्या आधी पोचतो.”

लग्न ऐन थंडीत. कार्यालय साताऱ्यात. मी आणि मालन आदल्या संध्याकाळीच सोनवडीला मुक्कामाला गेलो. लग्नघर म्हटल्यावर आचाऱ्यांच्या कढया चढलेल्या, अख्ख्या वाडीवस्तीला तळणाचा वास. माझ्या गाडीचा वास त्यात कुठं मिसळला कळलंसुद्धा नाही. दाजींची गाडी गोठ्यात, वर ताडपत्री, चारी बाजूंनी दोरीनं आवळलेली. मी सहज त्या बाजूला गेलो तर दाजी लगबगीनं आडवे आले आणि गोठ्यातल्या म्हशीला म्हणाले, “कुणी गाडीला हात लावू नका.” मी पण म्हशीलाच सांगितलं, “कुणाला पडलंय?” म्हैस दोघांकडं बघत रवंथ करत होती. मी माझी गाडी अंगणात उघड्यावर लावली आणि झोपलो. माझी चूक झाली ती एवढीच.

सकाळी अंगणात धुकं. वऱ्हाडाचे दोन टेम्पो पुढं गेले. दाजी आणि आक्का देवक घेऊन, घराला कुलूप लावून मागनं येणार होते. माझ्या गाडीला रात्रीच झेंडूच्या माळा लावल्या होत्या. पुढं मी, मागं रेवा आणि मालन. रेवानं हिरवा शालू नेसलेला, कपाळाला मुंडावळ्या. मी आरशातनं बघितलं आणि मला एकदम ती स्कूटरवर हॉर्न वाजवणारी दिसली. मी बाहीनं डोळे पुसले.

“मामा, रडू नकोस. समोर बघ.”

“रडतोय कुठं? धुकं आहे.”

गाडी डिझेलवर झोकात सुरू झाली. खिंडीचा चढ लागला, इंजिन तापलं, आणि मी ऐटीत कॉक फिरवला. “बघ आता,” मी म्हणालो. “खरी गाडी आता सुरू होते.”

गाडी एकदा खोकली. मग दोनदा. मग खिंडीच्या बरोबर मधे, झेंडूच्या माळा हलवत, गप्प उभी राहिली.

मी कॉक परत डिझेलवर फिरवला. डबा रिकामा. सुरुवातीपुरतंच घालायची माझी सवय. बॉनेट उघडलं, नळी काढली, आणि बघतो तर काय! नळीत तेलच नाही, पांढरं लोणी. बोटानं दाबलं तर मेणबत्तीसारखं बाहेर आलं. भज्याचं तेल म्हणजे पामतेल. रात्रभर उघड्यावर राहून ते साजूक तुपासारखं थिजलं होतं. अख्ख्या साताऱ्यात मी हे मिरवत फिरलो तो उन्हाळा होता आणि पावसाळा होता. थंडी मी हिशोबात धरलीच नव्हती.

“काय झालं?” मालननं काच खाली करून विचारलं.

“काही नाही. तेल जरा गोठलंय.”

“काही नाही? मुलगी बोहल्यावर चढायचीय आणि तुमचं तेल गोठलंय? डिझेल घाला म्हटलं होतं मी! एक दिवस! लग्नाच्या दिवशी तरी!”

“मालन, ओरडू नको. गरम काहीतरी पाहिजे. तो थर्मास दे.”

“मामा, तो माझा चहा आहे,” रेवा म्हणाली.

मी आलं घातलेला, गुळाचा, वाफाळता चहा फिल्टरवर ओतला. थोडं लोणी वितळलं. मी चावी फिरवली. गाडीनं एक उचकी दिली आणि परत गप्प. आता बॉनेटखालनं भज्यांचा आणि चहाचा असे दोन्ही वास यायला लागले. मालन कपाळाला हात लावून बसली.

माझ्या हातापायाला घाम सुटला, एवढ्या थंडीत. फोन काढला तर खिंडीत रेंज नाही. घड्याळाचा काटा काही थांबत नव्हता. तेवढ्यात धुक्यातनं एसटी आली. कंडक्टरनं झेंडूच्या माळा बघून गाडी थांबवली आणि दारातनं वाकून म्हणाला, “पाव्हणं, नवरीला घ्या आत! शिटा रिकाम्या हायत!”

“रेवा, जा,” मी म्हणालो. “मामी येईल बरोबर. लगेच जा.”

“मी नाही जाणार.”

“अगं, मुहूर्त जाईल!”

“बाबा येतायत की मागनं.”

“म्हणून तर म्हणतोय, ते यायच्या आत जा!”

ते बोललो आणि माझं मलाच कळलं मी काय बोललो. मला मुहूर्ताची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती ही की दाजी या वळणावरनं येतील आणि मला असा, लोणी लागलेल्या हातांनी बघतील. रेवानं माझ्याकडं नीट बघितलं. मग दार उघडून बाहेर आली, शालूवर माझा स्वेटर घातला आणि कंडक्टरला म्हणाली, “काका, तुम्ही व्हा पुढं. मी एकतर मामाच्या गाडीतनं जाणार, नाहीतर बाबांच्या.” कंडक्टरनं घंटी मारली. एसटी धुक्यात गेली. मी दगडावर बसलो.

बसलो तसा मला वास आला. कांदाभज्यांचा, ताजा, गरमागरम.

मला वाटलं माझ्याच गाडीचा. पण माझी गाडी तर बंद. बॉनेटखालचा चहा थंड झालेला. मी उठून उभा राहिलो. वास वाढत चालला होता, आणि तो चढावरनं, सोनवडीच्या बाजूनं येत होता. मालनपण नाक वर करून बघायला लागली. रेवा मात्र मान खाली घालून मुंडावळ्यांच्या आत हसत होती.

धुक्यातनं पांढरी गाडी आली. माझ्या गाडीसारखीच. सेकंड गिअरमध्ये ओरबाडत. मागनं निळसर धूर आणि त्यात कांदाभज्यांचा घमघमाट. गाडी आमच्या मागं थांबली. दाजी उतरले. नवा सदरा, धोतर, गुलाबी फेटा. आक्का उतरली, हातात देवकाचं ताट.

दाजींनी बंद गाडी बघितली, लोणी बघितलं, मला बघितलं. मग आक्काकडं वळले. “विचार तुझ्या भावाला, काय झालंय.”

“आक्का, सांग त्यांना, तेल...”

“मी कुणाला काही सांगायची नाही!” आक्का म्हणाली. माझी आक्का, जिनं जन्मात आवाज चढवला नाही, ती देवकाचं ताट घेऊन खिंडीत ओरडली. “आज मी मुलीची आई आहे. निरोप्या नाही. बोलायचं तर तोंडानं बोला, नाहीतर राहू दे लग्न. मी इथंच बसते.”

आणि बसली. माझ्या दगडावर.

दाजींनी दोनदा घसा खाकरला. बॉनेटपाशी आले. नळीतलं लोणी बोटावर घेतलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. मग माझ्या इंजिनाकडं बघत, म्हणजे इंजिनालाच सांगावं तसं, म्हणाले, “पामतेल आहे. थंडीत नुसतं नाही चालत. डिझेल मिसळावं लागतं.”

“किती?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“अर्धं. उन्हाळ्यात नाही मिसळलं तरी चालतं. थंडीत निम्म्याला निम्मं.”

“आणि तरी नळीत गोठलं तर?”

“नळीला सुतळी गुंडाळावी. ऊब राहते.”

मी त्यांच्याकडं बघितलं. ते फेटा सारखा करायला लागले.

“दाजी,” मी म्हणालो, “तुम्हाला हे कसं माहीत?”

दाजींनी आपल्या गाडीची डिकी उघडली. आत पंधरा लिटरचा तेलाचा डबा, आणि डब्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं. हिरव्या काठाचं. आईच्या लुगड्याचं. माझ्याकडं होतं त्याचंच दुसरं अर्धं.

अबोला धरून मी साताऱ्यात आणि हे सोनवडीत, आणि दोघंही आईच्या एकाच लुगड्यातनं तेल गाळत बसलेलो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते मी लपवलं नाही. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला.

“गुरुवारी, मफलर बांधून... ते तुम्ही?”

“गुरुवारी माझं शिक्षण खात्यात काम असतं.”

“माझं निम्मं तेल तुम्ही नेत होता!”

“तू माझं निम्मं नेत होतास. आणि त्या पोराची नखं बघितलीस कधी?”

आक्का दगडावरनं उठली. “झालं? आता घालवायचा का मुहूर्त?” मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, “तेल मीच गाळते यांचं. आणि निरोपपण मीच गाळत होते, दोघांचे. तुम्हाला मिळाले ते गाळलेले. गाळ मी कुणाला दिला नाही, बरं का.” दाजींनी मान खाली घातली. मी पण.

“तुमच्या गाडीत बसवा रेवाला,” मी म्हणालो. “माझी राहू दे इथंच.”

“का?” दाजी म्हणाले. “पोरीला मामाच्या गाडीतनं जायचंय. सगळ्या गावाला सांगितलंय तिनं.” त्यांनी डबा काढला, माझ्या बॉनेटखालच्या डब्यात आपलं मिसळलेलं तेल ओतलं आणि तशाच नव्या सदऱ्यात, गुलाबी फेट्यात कोपरापर्यंत हात आत घालून फिल्टरवरचा हातपंप दाबत राहिले. “मार स्टार्टर,” म्हणाले. मला. सरळ मला.

मी चावी फिरवली. गाडी उचकली, थरथरली, आणि सुरू झाली. रेवा टाळ्या वाजवत आत बसली. दाजींच्या सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत तेलाचा ओघळ. ते बघून आक्का म्हणाली, “अगोबाई, हा सदरा!” दाजी म्हणाले, “उपरणं घेतो वरनं.”

पुढं मी, मागं दाजी, अशा दोन पांढऱ्या गाड्या कार्यालयाच्या फाटकातनं आत शिरल्या. सनई वाजत होती, गुरुजी दारात येऊन घड्याळ बघत होते, आणि सगळ्या मांडवात कांदाभज्यांचा वास पसरला. नवऱ्याच्या चुलत्यांनी नाक वर केलं आणि खुशीत म्हणाले, “वा, व्याही! नाश्त्याला भजी दिसतायत!” नाश्त्याला शिरा आणि पोहे होते. ते गृहस्थ जेवण होईपर्यंत भज्यांची वाट बघत होते, शेवटी मी रंगाला फोन करून त्यांच्यापुरती मागवली.

पण ते नंतर. मुहूर्त गाठला आम्ही, अगदी काठावर. गुरुजींनी हाक मारली, “मामा, नवरीला घेऊन या,” आणि मी रेवाचा हात धरून तिला पाटावर उभं केलं. अंतरपाट धरला. मी तिच्यामागं, माझ्या शेजारी उपरण्याखाली तेल लपवून दाजी. मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या हातात अक्षता, पण डोळ्यांत पाणी, समोरचं काही दिसत नव्हतं.

दुसरं मंगलाष्टक चालू असताना दाजी माझ्या कानाशी आले.

“दिनकर.”

“काय दाजी?”

“डिझेल घेतली ते काही तसं अगदीच चूक नव्हतं.”

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी मी झुरलो ते असं कानाशी आलं. मग म्हणालो, “मी पण छातीच ठोकायला नको होती, दाजी. सरकारचा काय भरवसा.”

“ते राहू दे. मी काय म्हणतो, सोमवारी तू जात जा, गुरुवारी मी. तेल एकत्र माझ्याकडं आणायचं. मिसळणं एकदमच करू.”

“थंडीत सरसकट अर्धं अर्धं?”

“पौष सरला की कमी करायचं. मी सांगेन.”

“आणि सुतळी किती गुंडाळायची? मला वाटतं नळीला एस्बेस्टॉसची दोरी...”

“छे, छे! सुतळीच. त्याचं असं आहे...”

पुढची मंगलाष्टकं गुरुजींनी जरा आवाज चढवून म्हटली. तरी दाजींना सुतळीचं पूर्ण सांगायचं होतं, आणि मला विचारायचं होतं. तेव्हा आमच्या पुढ्यात, हार हातात घेऊन, मान खाली घालून उभी असलेली रेवा हललीही नाही, फक्त ओठ न हलवता म्हणाली, “बाबा, मामा, पाया पडते तुमच्या. जरा गप्प बसा ना दोघं. माझं लग्न लागतंय.”

आम्ही गप्प बसलो. अंतरपाट खाली आला. मी अक्षता टाकल्या, दाजींनी टाकल्या, आणि त्या गडबडीत त्यांनी तेलाचा हात माझ्या नव्या कोटाला पुसला. मुद्दाम पुसला, पण ते अजून म्हणतात की मुद्दाम नाही पुसला.